ज्यांची नावं आहेत तेवढेच

मांजर्ली, बदलापूर (पश्चिम)
१२ मे २०२५

कुंदा,

तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं, नेहमीसारखी रेंज गेली असेल. आठवडा झाला तेव्हा तुझ्या संस्थेच्या गुवाहाटीच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की तुमच्या बाजूचं नेट आणि फोन सरकारनंच बंद केलेत, आणि नदीवरचा पूल त्या वेगळा देश मागणाऱ्या संघटनेनं अडवलाय. चार गावं पलीकडे अडकलीत, त्यातलंच एक तुमचं सिरथांग. इथे बातम्यांत याचा पत्ता नाही. एका इंग्रजी पेपरात आतल्या पानावर दोन-तीन ओळी होत्या, त्यातही गावाचं नाव चुकीचं छापलेलं.

त्या बाई म्हणाल्या, पत्र लिहा, लष्कराच्या टपालातून डोंगरावरच्या चौकीपर्यंत जाईल, पुढे तुम्हाला मिळेल. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून मी बँकेला सोडून कुणाला पत्र लिहिलेलं नाही. सवय मोडलीय, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. तू परत ये.

तिथे शिकवायला गेलीस तेव्हा एक वर्षासाठी जाते म्हणाली होतीस. वीस वर्षं उलटून गेली. मी कधी अडवलं नाही. दरवर्षी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जाऊन तुझ्या वसतिगृहातल्या पोरींसाठी फ्रॉकचं कापड आणि ब्लँकेटं घेऊन पार्सल करतोच आहे. दुकानदार माखिजा आता मला विचारतो, 'साईं, आपकी बेटियां कैसी हैं?' पण प्रत्येक गोष्टीला वेळ असते. तू चोपन्न वर्षांची आहेस. बंदुका घेतलेल्या माणसांच्या मधोमध राहण्याचं हे वय नाही.

सुयोग पुण्याला गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे. उमा बरी आहे. हल्ली थोडं विसरते, पण वयाचं आहे. तुझी आठवण फार काढते.

मी इथे बघतो काय करता येतं ते.

दादा


सिरथांग
२९ मे २०२५

दादा,

पत्र मिळालं. चौकीवर साताऱ्याच्या मेढ्याकडचा एक जवान आहे. तो स्वतः डोंगर उतरून पत्र घेऊन आला, आणि माझं वाचून होईपर्यंत ओट्यावर बसून राहिला. म्हणाला, 'बाई, सावकाश वाचा. तेवढंच मराठी कानावर पडेल.' मग मी त्याला तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. माखिजाचं वाक्य आलं तेव्हा तो हसला. हे पत्रही तोच नेणार आहे.

मी ठीक आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

झालंय ते असं. सरकारला आमच्या चार गावांपर्यंत पक्का रस्ता आणायचाय. संघटना म्हणते, रस्ता गावांसाठी नाही, फौजेसाठी आहे. दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे. चारही गावांच्या पंचांनी रस्त्याला हो म्हटलं, कारण आजारी माणूस झोळीत घालून डोंगर उतरवताना वाटेतच गेला, असं इथल्या जवळजवळ प्रत्येक घरात झालंय. त्या 'हो'ची ही शिक्षा. पुलावर ओंडके टाकून बंदूकवाले बसलेत. पलीकडून काही यायचं नाही, इकडून कुणी जायचं नाही. पंचांनी शब्द मागे घेतला की पूल मोकळा. पंच घेत नाहीत.

पुलावर बसलेल्यांपैकी दोघांना मी बेरीज-वजाबाकी शिकवलीय. मला त्यांची भीती वाटत नाही. लांबून मला बघितलं की ते मान फिरवतात, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आणि सरकारनं काय केलं म्हणशील, तर विमानातून कागद टाकले. 'शांतता राखा, अफवांवर विश्वास ठेवू नका.' हिंदीत आणि इंग्रजीत. इथल्या म्हाताऱ्यांना दोन्ही येत नाहीत. चौकीवाल्यांना पूल उघडायचा हुकूम नाही. गोळी चालली तर बोलणी फिसकटतील म्हणतात. बोलणी कुठे चाललीत ते त्यांनाही ठाऊक नाही. वर चौकी, खाली पूल, मधे आम्ही.

भात आहे. मीठ आणि तेल संपलं. वसतिगृहात आमची स्वयंपाकीण रेइमा आहे, तुला माहीत आहे, मी आले त्या दिवसापासून तिच्याच चुलीपाशी जेवते. ती आंबवलेल्या बांबूच्या कोंबांवर भागवते आहे. तिला दुसरीच काळजी आहे. तिची मुलगी अचान पहिल्या बाळंतपणासाठी आलीय. तिचे पाय सुजलेत, डोकं दुखतं. चौकीवरच्या औषधपाणी बघणाऱ्या जवानानं तिचं ब्लड प्रेशर दोनदा तपासलं आणि यंत्र गुंडाळून ठेवलं. पूल चालू असता तर तिला केव्हाच जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं असतं. अचान माझ्याकडे पहिलीपासून शिकली. दादा, तिला पहिला फ्रॉक तू पाठवलेल्या कापडाचा शिवला होता.

तू कुणाकडे तरी जाशील. जाऊ नकोस म्हटलं तरी जाशील. मग एवढं कर, माझं नाव काढू नकोस. चार गावं आहेत, त्यांत माणसं आहेत, आजारी आहेत, गरोदर आहेत, असं सांग. पूल उघडायला सांग. मी इथे आहे हे त्यात सर्वांत किरकोळ आहे.

उमाला म्हणावं, तुझी बायको होण्याआधीपासून ती माझी मैत्रीण आहे, तिनं मला विसरायची हिंमत करू नये.

कुंदा


मांजर्ली, बदलापूर
१७ जून २०२५

कुंदा,

तुझं पत्र वाचलं. उमालाही वाचून दाखवलं.

मी जितेशकडे गेलो होतो. तू त्याला ओळखत नाहीस. चामटोलीचे हिंदुराव माझ्याबरोबर अंबरनाथला फॅक्टरीत होते, त्यांचा मुलगा. आता एका मंत्र्यांच्या ऑफिसात असतो. मी तू लिहिलंस तसंच सुरू केलं. चार गावं, मीठ नाही, औषधं नाहीत, पूल बंद. त्यानं निम्मं ऐकलं आणि म्हणाला, 'काका, ते सगळं बरोबर आहे, पण तो सेंटरचा मॅटर आहे. पूल उघडा म्हणून मी इथून कुणाला सांगणार? आपलं माणूस कोण आहे तिथे, ते बोला. आपलं माणूस असलं की फाइल हलते.'

मी तुझं नाव सांगितलं. काय करणार होतो?

त्यानंतर जे झालं ते बघून मीच चकित झालो. त्यानं माझ्यासमोर पत्र टाइप करून घेतलं. दोन दिवसांत त्याचा फोन, 'काका, साहेब स्वतः दिल्लीत बोललेत.' आज सकाळी पुन्हा फोन. तिथे अडकलेल्या बाहेरच्या लोकांना, म्हणजे शिक्षक, बँकवाले, ठेकेदाराची माणसं यांना हेलिकॉप्टरनं काढायचं ठरलंय. तुझं नाव पहिलं आहे. मंत्र्यांच्या नावानं तिथल्या अधिकाऱ्यांना निरोप गेलाय की या बाई सुखरूप आल्याच पाहिजेत.

तू रागावशील हे मला माहीत आहे. पण जे मिळण्यासारखं आहे ते मागावं, की न मिळणारं मागून हात हलवत परत यावं? फॅक्टरीत एवढी वर्षं मी हेच शिकलो. एक मशीन तरी चालू करून घ्या, बाकीची नंतर बघू. तू बाहेर आलीस की तुझ्या तोंडून त्या गावांचं ऐकतील. माझ्या तोंडून कोण ऐकतंय?

तेव्हा हेलिकॉप्टर आलं की वाद न घालता बस. तुला हट्ट करायची सवय आहे म्हणून मुद्दाम लिहितो.

उमा आज दोनदा विचारून गेली, 'कुंदा शाळेतून आली का?' मस्करीत म्हणाली असेल.

दादा


मांजर्ली, बदलापूर
२ जुलै २०२५

कुंदा,

कलेक्टर ऑफिसातून फोन आला की तू जिल्ह्याच्या गावी पोचलीस. तुझ्याशी बोलता आलं नाही, तू कुठल्याशा ऑफिसात बसली होतीस म्हणे. पण पोचलीस हे कळलं आणि मी लगेच उमाला सांगितलं. उमानं साखर वाटली. कशाची ते तिला नीट सांगता येईना, पण सगळ्या मजल्यांवर जाऊन वाटली.

जितेशनं चौकात बॅनर लावलाय. 'बदलापूरच्या कन्येची सुखरूप सुटका.' तुझा फोटो माझ्याकडूनच नेला, सुयोगच्या मुंजीतला, त्यामुळे तू फार तरुण दिसतेस. इथल्या हॉलमध्ये सत्कार ठरवताहेत. मी म्हटलं, तिला आधी येऊ दे, विश्रांती घेऊ दे, मग तारीख घ्या.

विमानाचं तिकीट सुयोग काढेल. फक्त कळव. खोलीला रंग काढून घेतला. पोपटी आहे, आवडला नाही तर बदलू.

दादा


जिल्ह्याचं गाव, सरकारी विश्रामगृह
९ जुलै २०२५

दादा,

इथे फोन चालतो. तुझे सगळे मिस्ड कॉल दिसले. हे फोनवर सांगता आलं नसतं म्हणून लिहिते आहे. तू मधे बोलला असतास.

हेलिकॉप्टर सकाळी शाळेच्या मैदानात उतरलं. सगळं गाव जमलं. लोकांना वाटलं, मीठ आलं, डॉक्टर आला. आतून एक तरुण अधिकारी उतरला. त्यानं बँकेच्या दोघांची नावं वाचली, ठेकेदाराच्या सुपरवायझरचं, आमच्याकडच्या नव्या शिक्षिकेचं, श्रद्धाचं, आणि माझं. माझं पहिलं.

तोवर रेइमा आणि तिचा नवरा अचानला झोळीतून घेऊन आले होते. आदल्या दिवशी तिला फिट आली होती. ती शुद्धीवर होती, पण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी अधिकाऱ्याला म्हटलं, 'मेरी जगह इसको ले जाइए.'

तो म्हणाला, 'मॅडम, जिनके नाम हैं उतने ही.'

'मैं अपनी मर्जी से रह रही हूँ. लिखकर देती हूँ.'

त्यानं मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हता, सुयोगच्या वयाचा असेल. म्हणाला, 'मॅडम, बाकी किसी की सीट होती तो शायद मैं कुछ कर लेता. आपके लिए ऊपर से फोन है. आपको छोड़कर गया तो मुझसे पूछा जाएगा. इनको लेकर क्यों आया, ये भी पूछा जाएगा.'

बाकीच्यांकडे मी पाहिलं. श्रद्धा रडत होती, तिला तापही होता. बँकेतले दोघं जमिनीकडे बघत होते. त्यांच्यातल्या कुणाची जागा मी मागितली नाही. त्यांच्याही घरी कुणीतरी तुझ्यासारखं वाट बघत असणार.

अधिकारी म्हणाला, 'आप चलिए. डीसी साहब से खुद बोलिए, इसका नाम डलवाइए. मौसम साफ है, मैं दोपहर में वापस आता हूँ.' मी रेइमाकडे बघितलं. तिला हिंदी कळत नाही, पण तिला कळलं होतं. ती म्हणाली, 'तू जा. तू बोललीस की ते ऐकतात.' आणि मी बसले. दादा, मला कुणी उचलून बसवलं नाही. मी स्वतः चढले.

डीसींनी, म्हणजे इथल्या कलेक्टरांनी, ऐकलं, अगदी लगेच. उभ्याउभ्या मंजुरी दिली. तुला फोन आला तेव्हा मी त्यांच्याच ऑफिसात बसले होते. पण दुपारी डोंगरावर ढग उतरले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उघडलं, तोवर बाहेरच्या लोकांना काढायचं काम पूर्ण झालं म्हणून ते हेलिकॉप्टर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. डीसी दिवसभर फोन करत होते. मी समोर बसून होते.

काल जंगलाच्या वाटेनं गावातला एकजण चालत इथे आला. अचान गेली. बाळही.

मी सारखी एकच गोष्ट घोळवते. मी हेलिकॉप्टरकडे पाठ करून सरळ शाळेत निघून गेले असते तर? त्या पोरासमोर एक रिकामी जागा राहिली असती आणि पायाशी एक आजारी बाई. रिकामी जागा बघून माणूस विचार करतो. कदाचित त्यानं तिला उचललं असतं. मी बसले, आणि त्याला विचार करायची गरजच उरली नाही.

दुसरंही एक आहे. आम्ही बाहेर आलो त्या दिवसापासून इथल्या पत्रकारांनी पुलाचं विचारणं सोडलं. इथे सगळे म्हणतात, 'अडकलेले सुटले.' चार गावं अजून तिथेच आहेत, पण त्यांना आता अडकलेले म्हणत नाहीत.

सत्कार नको. बॅनर उतरव. मी येत नाही. पूल उघडेपर्यंत इथेच राहणार आहे.

तुझ्यावर राग नाही. असता तर लिहायला सोपं गेलं असतं.

कुंदा


मांजर्ली, बदलापूर
२६ जुलै २०२५

कुंदा,

बॅनर मी स्वतः उतरवला. स्टुलावर चढून दोऱ्या कापल्या. शेजारचे देवदत्त खाली उभे राहून विचारत होते, काय झालं, कुणी बिघडवलं का. मी त्यांना म्हटलं, चुकीचं छापलं गेलंय.

तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा जितेशकडे गेलो. त्याला अचानचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही, चहा तसाच राहिला त्याचा. पण म्हणाला, 'काका, मॅडम आल्या ना बाहेर? मग आता मी कुणाच्या नावानं पत्र पाठवू?' मी म्हटलं, 'चार गावांच्या नावानं पाठव.' तो म्हणाला, 'तिथे आता आपलं कोण आहे?' तिथून एका पेपरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीनं नम्रपणे नेमका तोच प्रश्न विचारला. कल्याणला एक निवृत्त कर्नल राहतात, त्यांच्याकडेही जाऊन आलो. एवढं फिरल्यावर माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न पहिल्या दिवशी मीच मान्य केला होता. जितेशनं विचारलं, आपलं माणूस कोण, आणि मी लगेच तुझं नाव दिलं. त्याच वेळी 'सगळीच आपली आहेत' म्हटलं असतं तर त्यानं मला हाकलून दिलं असतं, एवढंच. मग तुझ्यासाठी वरून फोन गेला नसता, आणि त्या अधिकाऱ्याला तुझी जागा अचानला देता आली असती.

मला वाटायचं, वजन लावलं की काम होतं. वजनाखाली कोण येतं ते बघायचं राहिलं.

आता तुला एक सांगायचं आहे. उमाचं विसरणं वयाचं नाहीये. डॉक्टरांनी गेल्या दिवाळीतच सांगितलं. गेल्या महिन्यात ती दोन वेळा घराबाहेर पडून रस्ता चुकली. एकदा रिक्षावाल्यानं आणून सोडलं. पोटच्या सुयोगला तिनं ओळखलं नाही. तुझं नाव मात्र जात नाही. तिच्या डोक्यात तुम्ही दोघी अजून अंबरनाथच्या शाळेत आहात. दिवेलागणीला दार उघडून उभी राहते, तू अजून कशी आली नाहीस म्हणून. मी तुला हे कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की दादा मला बांधून ठेवायला निमित्त शोधतोय. आणि ते खोटं नसतं. मला एकट्याला हे झेपत नाही. तुला बाहेर काढताना मी तुझ्या जिवाची काळजी करत होतो, पण तेवढीच नाही.

नदी चढल्यामुळे काल आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं. वरपर्यंत आलं नाही. उमा गॅलरीतून पाणी बघत बसली होती. मी तिला अचानचं सांगितलं. तिला कळलं की नाही माहीत नाही. म्हणाली, 'तिच्या आईपाशी कोण आहे?'

याचं उत्तर तुला येत असेल तर कळव.

दादा


सिरथांग
१८ सप्टेंबर २०२५

दादा,

पूल उघडला. तू पेपरात वाचलं असशील, या वेळी मोठी बातमी होती म्हणे. दिल्लीत बोलणी झाली. संघटनेच्या पकडलेल्या लोकांना सोडलं, रस्त्याचं काम पुढे ढकललं, आणि गावांच्या रक्षणासाठी म्हणून फौजेची एक तुकडी कायमची सिरथांगमध्ये ठेवायचं ठरलं. दोन्हीकडच्यांनी आपापला विजय जाहीर केला. पंचांना बैठकीला बोलावलं नव्हतं. रस्ता गेला तो गेलाच.

फौजेला राहायला पक्की इमारत एकच होती, आपली शाळा. वसतिगृहात आता जवान झोपतात. मेढ्याचा तो मुलगा बदलून गेला. मुलींना जिल्ह्याच्या गावी भाड्याच्या घरात आणायचं संस्थेनं ठरवलंय. सगळ्या येणार नाहीत. ज्यांच्या आयांना आता मुलींना नजरेआड करवत नाही, त्या नाही येणार. मी त्यांना समजवायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

उमाचं तू आधी सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर मी कदाचित सुट्टीतच आले असते, हे सगळं सुरू व्हायच्या आत. आणि मी तुला आधीच विचारायला हवं होतं. इतकी वर्षं तुझ्या फोनवर 'उमा बरी आहे' एवढंच असायचं आणि मला ते पुरायचं. दिवाळीला येते. महिनाभर तरी राहीन. तिला रोज दिवेलागणीला शाळेतून आल्यासारखी भेटेन. त्यानंतर मात्र परत इकडे येणार, मुलींचं घर लावून द्यायचंय. तुझ्या मदतीला माणूस शोधू. मी तिथे असताना दोघं मिळून शोधू, एकट्यानं सगळं उरकू नकोस.

तुझ्या पत्रात उमानं विचारलेलं आहे, अचानच्या आईपाशी कोण आहे. म्हणून सांगते.

पहिल्या ट्रकबरोबर मी गावात आले. मिठाच्या गोणी उतरत होत्या, लोक रांगेत होते. कुणी मला टाळलं नाही. हात हातात घेतले, तब्येत विचारली. पंचांमधले सगळ्यात म्हातारे होते ते म्हणाले, 'तू गेलीस ते बरं झालं, इथे तुलाही काही झालं असतं.' मनापासून म्हणाले. मी रेइमाकडे गेले. ती स्वयंपाकच करत होती. उठून माझ्या गळ्यात पडली, आम्ही दोघी रडलो. अचानला जिथे ठेवलं तिथे ती मला घेऊन गेली. गवत काढलेलं होतं, दगड धुतलेले होते. बाळ तिच्याजवळच आहे. रेइमा म्हणाली, शेवटी अचाननं विचारलं होतं, बाई बोलल्या का त्यांच्याशी? रेइमानं सांगितलं, हो, बोलल्या, येतायत.

परत घरी आलो. मी नेहमीसारखी चुलीपाशी गेले, पातेल्यातून भात घ्यायला. इतकी वर्षं आम्ही तशाच जेवत आलो, एका पातेल्यातून, जिला भूक लागेल तिनं वाढून घ्यायचं. रेइमानं माझ्या हातातली पळी हळूच काढून घेतली. आतून नवी चटई आणली, बाहेरच्या खोलीत अंथरली. पितळेचं ताट पुसलं. त्यांच्यात लांबून आलेल्या माणसासाठी एक शब्द आहे, आदराचा आहे, जिल्ह्यातून साहेब आले की वापरतात. तिनं मला तो शब्द वापरून बसायला सांगितलं.

मी म्हटलं, 'रेइमा, मी घेते ना.'

ती म्हणाली, 'नाही, तुम्ही बसा.'

मी बसले. तिनं वाढलं ते खाल्लं. भाजीत मीठ होतं. माझं जेवण होईपर्यंत ती दारापाशी उभी राहिली.

कुंदा